हाडातलं रेडियम

११ जानेवारी

बारक्या,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पोचल्याची खूण दिसते आणि पुढे सगळं शांत. म्हणून कागदावर लिहिते. पाकीट निदान हातात घ्यावं लागतं, फोडायचं की नाही ते ठरवावं लागतं. एवढे तरी कष्ट कर.

मी ठीक. बाबा ठीक. त्यांची पाठ दुखते अधूनमधून, पण काळजीचं काही नाही. जन्मभर टेबलावर वाकून नंबरप्लेटी केल्यावर पाठ दुखणारच. दुकान चालू आहे. सगळी गल्ली त्यांना अजून 'रेडियमवाले' म्हणते. आता अक्षरं कापायला मशीन आहे, पण कापलेल्या अक्षरांच्या पोटातला नको तो तुकडा चिमट्यानं काढायचं काम ते कुणाला करू देत नाहीत. शून्याचा गोल काढताना कड फाटली की त्यांचा अख्खा दिवस वाईट जातो.

मी त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावर. तुला वाटायचं मी एक्स-रे काढते. एक्स-रेमध्ये यंत्र किरण सोडतं आणि माणूस नुसता उभा राहतो. आमच्याकडे किरण सोडणारं औषध माणसालाच टोचायचं, आणि यंत्रानं नुसतं बघत बसायचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. कोणी विचारलं नाही. आपल्या घरात कोणी कुणाला काही विचारत नाही.

बाबांच्या पाठीसाठी आमच्याकडेच एकदा हाडांचा स्कॅन करून घेऊ म्हणते. साधी तपासणी असते.

तू अजून लिफ्टच दुरुस्त करतोस ना? तिकडे थंडी असेल.

ताई


१९ जानेवारी

बारक्या,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. स्कॅन करून घेऊ म्हणाले होते, तो आदल्या दिवशीच झाला होता. काय दिसलं ते मला माहीत होतं. लिहायला बसले आणि हातानं भलतंच लिहिलं.

आता नीट सांगते.

आमच्या विभागात आम्ही दोघं टेक्निशियन, मी आणि एक उंच पोरगा, ज्याला सगळे लंबू म्हणतात. घरच्या माणसाचं दुसऱ्यानं करायचं असतं. लंबू म्हणालाही, "ताई, मी करतो, तुम्ही चहा घेऊन या." मी म्हटलं, मीच करते. शिसाच्या डबीतून सिरिंज काढली, बाबांचा दंड बांधला, शीर शोधली. त्यांच्या शिरा चांगल्या आहेत. रोज करते तसं केलं.

औषध हाडात जाऊन बसायला दोन-तीन तास लागतात. तोवर भरपूर पाणी प्यायचं आणि टोचलेल्यांच्या वेगळ्या खोलीत बसायचं. बाकीचे पेशंट गेल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले. जवळ बसायचं नसतं.

"काय टोचलंस?" बाबांनी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल प्रश्न.

"टेक्नेशियम."

"म्हणजे?"

"अणू आठवतो का शाळेतला?"

"सगळ्यात लहान असतो तो."

मग मी दारातून सांगितलं. मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन घट्ट चिकटलेले. जवळजवळ सगळं वजन तिथेच. भोवती लांबवर इलेक्ट्रॉन.

"लांब म्हणजे किती?"

"अणू आपल्या बसडेपोएवढा मोठा केला, तर केंद्रक डेपोच्या मधोमध पडलेलं टाचणीचं डोकं. इलेक्ट्रॉन पार कुंपणापाशी."

"आणि मधे?"

"काही नाही."

ते हाताची पाठ, पोट उलटसुलट करून बघत बसले. "सगळं पोकळ, तर मग भिंत डोक्याला का लागते?"

"भिंतीचे इलेक्ट्रॉन तुमच्या इलेक्ट्रॉनना आत घेत नाहीत म्हणून."

हे त्यांना पटलं. म्हणाले, "टाचणीचं काय मग?"

मी म्हटलं, बहुतेकांची टाचणी जन्मभर तशीच राहते, काही करत नाही. टेक्नेशियमच्या टाचणीत जास्तीची ऊर्जा अडकलेली असते. ती एकदा बाहेर टाकली की ते शांत होतं. टाकलेली ऊर्जा म्हणजे गामा किरण. तो अंगाबाहेर येतो, कॅमेरा त्याला पकडतो. हाड जिथे जास्त खटपट करत असतं तिथे हे औषध जास्त गोळा होतं, तिथला ठिपका गडद दिसतो.

"कधी टाकतो?"

"सहा तासांत निम्मे अणू टाकून मोकळे होतात. पुढच्या सहा तासांत राहिलेल्यांतले निम्मे. मग त्यांतले निम्मे."

"ते झालं सगळ्यांचं. एकट्या अणूचं काय? त्याचा नंबर कधी, हे कोण ठरवतं?"

"कोणीच नाही. आत्ता टाकेल, नाहीतर उद्या टाकेल. कितीही वेळ थांबलेला असला तरी त्याचा नंबर जवळ आला असं होत नाही. अणू म्हातारा होत नाही, बाबा."

"माझ्या गिऱ्हाइकांसारखा आहे म्हणजे," ते म्हणाले. "उद्या नेतो म्हणतात."

मग त्यांना टेबलावर निजवलं. कॅमेरा डोक्यापासून पायाकडे सरकत गेला. पडद्यावर एकेक ठिपका जमत माणूस तयार होतो. आधी कवटी, मग खांदे, मग बरगड्या. बरगड्यांवर दोन ठिपके होते. पाठीच्या कण्यावर मला मोजायचे नव्हते इतके होते. कमरेचं हाड डावीकडून काळं.

"काय दिसतंय?" त्यांनी निजल्या निजल्या विचारलं.

"डॉक्टर मॅडम सांगतील," मी म्हटलं.

हे वाक्य मी रोज बोलते. समोरच्याला त्यातून काही कळू नये असं बोलायची सवय झाली आहे. बाबांनाही काही कळलं नसावं. घरी जाताना त्यांनी भाजी घेतली.

प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हाडांत पसरलेला. मॅडमनी परवा सांगितलं. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली आहेत. त्यानं बरेच महिने आटोक्यात राहतो.

तू काही करावंस म्हणून लिहीत नाही. तुला माहीत असावं, एवढंच.

ताई


१४ सप्टेंबर

बारक्या,

मधली तीन पत्रं तुला मिळाली असतील. त्यात विशेष काही नव्हतं. ह्यात आहे.

गोळ्यांचा उपयोग संपला. बाबा खुर्चीतून उठताना टेबलाला धरतात आणि मधेच थांबतात, काहीतरी विसरल्यासारखे. मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की दुखणं सगळं हाडांतच आहे, तेव्हा रेडियम देऊन बघू. महिन्यातून एक इंजेक्शन.

बाबा हसले. अरे, खरंच हसले. "मॅडम, मी चाळीस वर्षं रेडियमचाच धंदा केला. नवीन काहीतरी सांगा."

मॅडमना कळेना. मी सांगितलं, यांचं रेडियम-कटिंगचं दुकान आहे.

"आमच्या रेडियममध्ये रेडियमचा कण नसतो," बाबा म्हणाले. "कागदावर बारीक काचमणी असतात. गाडीचा दिवा पडला की उजेड परत फेकतात. दिवा नसेल तर आमचं रेडियम आंधळं. तुमचं खरं असतं का?"

"खरं असतं," मॅडम म्हणाल्या.

बरं होण्यासाठी नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. दुखणं कमी होईल, थोडे महिने वाढतील. बाबांनी मान हलवली, गिऱ्हाइकानं माप सांगितल्यावर हलवतात तशी.

घरी येताना त्यांना सगळं हवं होतं. बसमध्येच सुरुवात. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

"रेडियमला हाडाचा पत्ता कसा कळतो?"

मी म्हटलं, हाडाला कॅल्शियम लागतं. कॅल्शियमच्या सगळ्यात बाहेर दोन इलेक्ट्रॉन असतात. रेडियमच्याही बाहेर दोनच. हाड बाहेरचं बघतं आणि आपलंच समजून आत घेतं. आत टाचणीच्या डोक्यात अठ्ठ्याऐंशी प्रोटॉन कोंबलेत, हे त्याला कळत नाही. एका जागी इतके प्रोटॉन फार वेळ टिकत नाहीत, ते एकमेकांना ढकलत असतात. मग केंद्रकातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा एक गोळा बाहेर फेकला जातो. त्याला अल्फा म्हणतात. जड असतो, लांब जात नाही, साध्या कागदानंही अडतो. पण शेजारी जी पेशी असेल तिची वाट लागते. कॅन्सर हाडाच्या कडेला असतो, म्हणून तीच शेजारी.

"आणि रेडियमचं काय होतं?"

"ते रेडियम राहत नाही. दोन प्रोटॉन गेले की नाव गेलं. त्याचं रेडॉन होतं."

"नाव प्रोटॉनवर असतं?"

"फक्त प्रोटॉनवर."

"मग रेडॉन?"

"तेही फेकतं. पुढचंही फेकतं. एकामागून एक, शेवटी शिसं होतं."

"आपलं साधं शिसं?"

"साधं. ते मग काही करत नाही."

बाबांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "बारक्याला हे आवडलं असतं. त्याला लहानपणी प्रत्येक गोष्ट उघडून बघायची असायची."

तुझं नाव त्यांनी काढलं, म्हणून हे पत्र. आई गेल्यानंतर पहिल्यांदा काढलं.

आणि तुला हेही माहीत नाही. तू गेल्यापासून ते रोज संध्याकाळी ट्रकतळावर जायचे. खांद्यावर रेडियमच्या पट्ट्यांची गुंडाळी, हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि फडकं. ज्या ट्रकच्या मागे पट्ट्या नसतील त्याला फुकट लावून द्यायचे. ड्रायव्हर आधी शिव्या घालायचे, त्यांना वाटायचं पैसे मागणार. नंतर ओळखायला लागले. मार्चपर्यंत जात होते. आता वाकता येत नाही.

तू आणि आई ज्या ट्रकवर आदळलात त्याला मागे काही नव्हतं. दिवाही नाही, पट्टीही नाही. संध्याकाळची वेळ, रस्त्याच्या मधे बंद पडलेला. चौकशीत तुझी चूक निघाली नाही. हे तुला माहीत आहे. पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाबा तुला जे म्हणाले ते मीही ऐकलं होतं. मी तिथेच होते, आईचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता. "गाडी तू चालवत होतास." एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर तू असेपर्यंत ते तुझ्याशी काही बोलले नाहीत आणि तूही बोलला नाहीस. मी दोघांना जेवायला वाढत होते.

पहिलं इंजेक्शन काल दिलं. मीच दिलं. लहानशी सिरिंज, हळूहळू एक मिनिटभर ढकलायची. बाबा म्हणाले, "चमकेन का मी?" मी नाही म्हटलं.

मला काही वाटत नाही रे. तक्रार नाही ही. सकाळी उठते, डोस मोजते, टोचते, घरी येते, स्वयंपाक करते. माणसाला काही वाटायला हवं तिथे माझ्यात काहीतरी पोकळ आहे, डेपोसारखं. लंबू म्हणतो सुट्टी घ्या. सुट्टी घेऊन काय करू?

ताई


२० ऑक्टोबर

बारक्या,

तुझं पत्र आलं. पाकिटात चार ओळी. चौथी: "येऊ का?"

ये.

काही आणू नकोस. बाबांना विचारलं, "बारक्या येतोय, चालेल ना?" ते म्हणाले, "त्याच्या खोलीत दुकानातल्या फिल्मच्या गुंडाळ्या ठेवल्यात, त्या उचलायला लागतील." म्हणजे चालेल.

आल्यावर आईचा विषय काढायलाच हवा असं नाही. त्यांच्याजवळ बसायला भिऊ नकोस. रेडियमचे किरण बाहेर फारसे येत नाहीत. त्यांचं संडास-बाथरूम वेगळं ठेवलं आहे, आणि हात दोनदा धुवायचे, एवढीच काळजी.

स्टेशनवरून रिक्षा मिळेल. मी दुपारपर्यंत कामावर असते.

ताई


९ डिसेंबर

बारक्या,

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. तुझा एक मोजा गॅलरीत राहिला आहे.

तू इथे होतास तोवर मी तुला काही सांगितलं नाही. तू असताना आणि तू गेल्यावर जे झालं ते आता सांगते.

तिसऱ्या इंजेक्शनचा दिवस आठवतो ना. मी लवकर पुढे गेले होते. डोसची वेळ ठरलेली असते, उशीर झाला की तो आपोआप कमी होत जातो. तुम्ही दोघं मागून येणार होतात. बाबा तुला म्हणाले, "दुकानाची गाडी खाली आहे, किल्ली खिळ्याला आहे." तू म्हणालास, "मी गाडी चालवत नाही." मग तुम्ही बसनं आलात. तुझ्या दृष्टीनं एवढंच घडलं. तू बाहेर बाकावर बसलास, पेपर वाचत होतास.

आत खुर्चीत बसल्यावर बाबांनी बाही वर केली आणि म्हणाले, "तो गाडी चालवत नाही."

"हो."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही, बाबा."

मी डोस देत होते. मिनिटभर हळू ढकलायचा असतो, मधे थांबता येत नाही. ते पूर्ण मिनिट त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सिरिंजकडे बघितलं.

त्यानंतर तुझे दिवस चांगले गेले, मला दिसत होतं. तू दुकानाचं अडकणारं शटर दुरुस्त केलंस, बाबा स्टुलावर बसून सूचना देत होते आणि तू त्या ऐकत नव्हतास. "अरे, तिकडून पिळ." "बाबा, मी लिफ्टा दुरुस्त करतो." "लिफ्ट वर जाते, शटर खाली येतं, फरक आहे." मला वाटलं, चला, एवढं पुरे. ह्याहून जास्त कोणी मागू नये.

तू निघालास त्या दुपारी बाबा जेवले नाहीत. पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. मी ताट उचलायला गेले तर म्हणाले, "मी त्याला तेव्हा एकच वाक्य बोललो."

मी म्हटलं, "हो."

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

"ते खरं होतं. गाडी तोच चालवत होता."

मी ताट हातात घेतलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"पण मला ते म्हणायचं नव्हतं," ते म्हणाले. "तो समोरून आला. शर्टाला रक्त. कुणाचं ते कळत नव्हतं. मी त्याला विचारणार होतो, तुला कुठे लागलंय का. तोंडापर्यंत आलं होतं. आणि तोंडातून हे निघालं. मग परत ते विचारायची वेळच गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर काय वाटलं असतं? आठवड्यानं? मग त्यानं बॅग भरली."

"फोन लावून देऊ?"

"नको. फोनवर मला नाही जमायचं. तू लिहितेस ना त्याला? तू लिही."

"काय लिहू?"

"हेच. विचार त्याला."

म्हणून विचारते. बाबांनी विचारलं आहे, मी फक्त लिहिते आहे.

बारक्या, तुला कुठे लागलं होतं का रे?

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

विमानतळावर तू मला म्हणालास, "ताई, तू एकदाही रडली नाहीस." मी म्हटलं, कामं होती. ते खरंच होतं. डॉक्टरांचे कागद, दुकानाचं कुलूप, येणारी-जाणारी माणसं. तू पोचलास तोवर बाबांना जाऊन एक दिवस झाला होता, आणि मी त्या दिवसाचं तुला नीट सांगितलंच नाही.

आधी तुझ्या उत्तराचं. ते डिसेंबर संपता संपता आलं. बाबा तेव्हा पलंगावरच असायचे. मी चष्मा लावून वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस, "हो. डाव्या खांद्याला. तेव्हा कुणाला सांगितलं नाही. थंडीत अजून दुखतो." बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "डावा ना?" मी म्हटलं, "डावा." त्यांनी स्वतःचा डावा खांदा उजव्या हातानं धरला आणि दाबत राहिले, बराच वेळ, तो त्यांचाच दुखत असल्यासारखा. नंतर म्हणाले, "शेकायला सांग त्याला."

तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. शेकत जा.

जानेवारीत पाचवं इंजेक्शन दिलं, पण रक्तातल्या पेशी कमी झाल्या आणि मॅडमनी सहावं द्यायचं नाही ठरवलं. दुखणं मात्र खरोखर कमी झालं होतं. शेवटचे दिवस ते आमच्याच हॉस्पिटलात, वरच्या वॉर्डात होते, पण कण्हत नव्हते. दुपारी पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं, दुसरा चमचा तोंडाशी नेला तर ते नव्हते.

शरीरात रेडियम असलेल्या माणसाला घरच्यांच्या ताब्यात देण्याआधी एकदा किरण मोजायच्या मीटरनं तपासावं लागतं. आमच्या विभागाचं काम. लंबू वर येऊन म्हणाला, "ताई, ह्या वेळी नाही, मी करतो." मी त्याच्या हातातून मीटर घेतला. डोकं, छाती, पोट. कमरेच्या डाव्या बाजूला टिकटिक जरा वाढली. धोका वगैरे काही नव्हता, अगदी थोडं होतं. आकडा लिहिला, खाली सही केली. मनात आलं, हे अजून चालू आहे, ह्या अणूंना कोणी सांगितलेलंच नाही. एवढंच मनात आलं. मीटर पुसून जागेवर ठेवला.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. सगळ्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मला बरं वाटलं. पहिली पेशंट एक आजी होत्या, हाडांच्याच स्कॅनसाठी. एकट्या आल्या होत्या, हातात कापडी पिशवी. मी सिरिंज शिसाच्या डबीतून काढली, त्यांचा दंड बांधला. त्यांच्या शिरा बारीक, सापडेनात. मी बोटानं चाचपत होते.

"दुखेल का गं?" त्यांनी विचारलं.

ह्याचं उत्तर ठरलेलं आहे. मुंगी चावल्यासारखं होतं, आजी. दिवसातून दहादा म्हणते. मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. परत उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. हात त्यांच्या दंडावर तसाच राहिला.

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीतून उठल्या, मला खांद्याला धरून त्याच खुर्चीत बसवलं आणि सिरिंज माझ्या हातातून काढून ट्रेमध्ये ठेवली, चमचा ठेवावा तशी. म्हणाल्या, "बस जरा. कोण गेलं?"

"बाबा," मी म्हटलं.

आणि मग, बारक्या, जे व्हायचं राहिलं होतं ते झालं. आवाज करून. मला वाटलं होतं डोळ्यांतून पाणी येईल, तसं नव्हतं, पोटातून येत होतं, उलटीसारखं. आजी माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या कानाला लागत होती.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. टेक्नेशियम कुणासाठी थांबत नाही, ट्रेमधला डोस कमी होत चालला होता. लंबू दारात आला, त्यानं बघितलं, ट्रे उचलला आणि आत जाऊन नवा डोस भरला. तो घेऊन परत आला तेव्हा मी तशीच होते. तो सिरिंज धरून उभा राहिला, आणि आजी त्याला म्हणाल्या, "थांब रे बाळा. हिचं होऊ दे आधी."

तुझी
ताई